कावळ्यांना पाठ असलेला आल्बम

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते बांगडे साफ करायचं. मागीलदारी बायको विळीवर बसली होती, मी बाजूला पाण्याची बादली घेऊन. ती मुंडी उडवायची, पोट काढायची आणि बांगडा माझ्याकडे टाकायची. मी धुवायचो आणि टोपात ठेवायचो. मधे दगडावर स्पीकर, त्यावर ती गाणी. बोलणं काय झालं म्हणाल, तर बांगडा नरम आहे, तुम्हाला बंदरावर कोणीही गंडवतं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, जन्म बोटीवर गेला, मला मासळी शिकवू नको. ती म्हणाली, पकडणं वेगळं, विकत घेणं वेगळं. एवढंच. दुपारी जेवली, आडवी झाली. चहाला हाक मारली तर उठली नाही.

त्या गाण्यांचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

नात मुंबईला असते. मे महिन्यात आली तेव्हा हा स्पीकर घेऊन आली. आत एका कार्टूनमधल्या बँडची गाणी. नातीने मोबाइलवर ती मंडळी दाखवली. दोन वेण्या घातलेली ससीण गाते, मांजर गिटार वाजवतं आणि पाणघोडा ढोल बडवतो. सगळी गुलाबी-पिवळी. हा त्यांचा पहिला आल्बम, दुसरा यायचा आहे, असं नात म्हणाली. मी विचारलं, चित्रं गातात तर गळा कोणाचा? त्यांचाच, म्हणाली. मी आणखी काही विचारणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "तुम्ही गप ऱ्हावा. गातायत ना?"

शब्द इंग्रजी, म्हणजे आम्हा दोघांनाही कळायचा प्रश्न नव्हता. मला ती गाणी च्युइंगमसारखी वाटायची. चव कधीच संपलेली असते, पण तोंड थांबत नाही. पहिलं गाणं टाळ्यांनी सुरू होतं. मधे एक संथ आहे, त्यात ससीण थोडी रडते, मग पाणघोड्याचा ढोल आला की विसरते. शेवटच्या गाण्यात सगळे मिळून ओरडतात आणि एक फुगा फुटतो. फट्. मग आल्बम संपतो.

नात गेली, स्पीकर इथेच राहिला. मागीलदारी मासळी साफ करायला बसलं की कावळे अंगावर येतात. बायकोने डोकं लावलं. त्यांना घालवायला स्पीकर मोठ्याने लावायला लागली. थोडे दिवस कावळे लांब राहिले. पण कावळा तो कावळा. शेवटचं गाणं होईपर्यंत तिची मासळी साफ करून व्हायची, मग ती उठायची आणि मुंड्या, आतडी माडाच्या बुडात टाकायची. कावळ्यांनी हे हेरलं. पहिल्या टाळ्या वाजल्या की माडावर येऊन बसायचे. कालवा नाही, काही नाही. फुगा फुटला की खाली. घालवायला लावलेली गाणी त्यांना आवतण झाली. "मेल्यांनु, तुमच्यासाठी लावते काय मी?" असं ती म्हणायची. पण पुढे त्यांच्यासाठीच लावायची. एकदा अर्ध्यात मासळी संपली, तरी आल्बम पुरा होईपर्यंत ती मुंड्या घेऊन बसून राहिली. मी हसलो तर म्हणाली, त्यांना सवय आहे, आपण मोडायची नाही.

ती गेली तेव्हा सुनेने स्पीकर फळीवर ठेवून दिला. सुतकात घरात गाणी लावत नाहीत.

दहावा आमच्याच मागीलदारच्या परड्याच्या खाली, खाडीच्या काठावर झाला. पानावर पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. कावळा येईना. कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय असं आमच्यात मानतात. मग एकेक जण सांगायला लागला. मुलगा हात जोडून म्हणाला, आई, बाबांना एकटं टाकणार नाही. तिचा भाऊ म्हणाला, घराची कौलं पुढच्या पावसाआधी परतून देतो. मी मनात म्हटलं, त्या पाणघोड्याचा दुसरा आल्बम आला की लावीन. कशालाच कावळा आला नाही. आणि भरतीचं पाणी चढत होतं. थोड्या वेळाने पिंड पाण्यात गेला असता.

भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू आणि शिववू, चालतं तसं. मुलगा हो म्हणाला. भाऊ हो म्हणाला. मला ते पटेना. जिच्या दारातून कावळा कधी उपाशी गेला नाही, तिच्या पिंडाला गवत शिववायचं?

मी वर घरी गेलो आणि फळीवरून स्पीकर काढून आणला. भटजींनी तो बघितला.

"आजोबा, हे शास्त्रात नाही."

"कावळा आहे ना शास्त्रात? त्यालाच बोलवतोय."

टाळ्या सुरू झाल्या. मागे कोणीतरी हसू दाबायला खोकलं. पहिलं गाणं संपायच्या आत एक कावळा माडावर आला, मग दुसरा, मग माड काळा झाला. पण खाली एकही येईना. मेव्हणा म्हणाला, आले तर आहेत, मग बसलेत कशाला? मी म्हटलं, शेवटचं गाणं व्हायचंय. मुलगा म्हणाला, बाबा, मग तेच लावा ना पुढे करून, पाणी बघा.

"नाही. तिने कधी मधलं गाणं सोडलं नाही."

मग डोकी भादरलेली आम्ही सगळी माणसं खाडीच्या काठावर उभी राहून तो आल्बम ऐकत राहिलो. मी तो हातात मासळी नसताना पहिल्यांदाच ऐकला. ससीण रडली तेव्हा मी पाण्याकडे बघितलं. पाणी पानाच्या खालच्या दगडाला लागलं होतं. ढोल वाजला. ओरडले सगळे. फुगा फुटला.

कावळे उतरले. पुढच्याने भातात चोच घातली. सुटली, असं सगळे म्हणाले. मुलगा रडला, भटजी सामान आवरायला लागले. मी कावळ्याकडे बघत होतो. त्याने भात इकडेतिकडे केला, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. तो बांगडा शोधत होता. मग पाणी आलं, पान गेलं, आणि तोही गेला. कावळा शिवला हे बरं झालं. पण आम्ही त्याला फसवलं होतं, आणि तेही तिच्या गाण्यांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदरावर गेलो. थोडेच बांगडे, पण दाबून, कल्ले उघडून बघून घेतले. घरी आलो तर सून दारात होती. म्हणाली, बाबा, तेराव्यापर्यंत घरात मासळी आणत नाहीत. मी म्हटलं, घरात कुठे आणतोय, आणि बाजूने मागीलदारी गेलो. स्पीकर दगडावर ठेवून लावला. विळीवर मी कधी बसलो नव्हतो. मुंड्या वाकड्यातिकड्या निघाल्या. आल्बम अजून चालूच होता आणि माझी मासळी साफ करून झाली होती. साफ केलेले बांगडे शेजारणीला कुंपणावरून दिले. मग मुंड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसलो. फुगा फुटला तेव्हा उठलो आणि माडाच्या बुडात टाकल्या.