लाल अक्षरं

नवरा गेल्यावर ताईंनी त्याची टॅक्सी चालवायला घेतली, तेव्हा सख्ख्या दिरानंही नाक मुरडलं होतं. पण डायलिसिसचे पेशंट पुढे ताईंशिवाय कुणाच्या गाडीत बसेनात. पेट्रोलच्या वासानं पेशंटांना मळमळतं, म्हणून ताईंनी गेल्या वर्षी विजेवरची गाडी घेतली. रोज घरीच चार्ज करायच्या.

त्या दिवशी जवळच्या हॉस्पिटलातलं डायलिसिसचं मशीन बंद पडलं आणि ताईंच्या नेहमीच्या पेशंटला, टेलरकाकांना, लांबच्या शहरात न्यायचं ठरलं. काकांच्या किडन्या गेल्या होत्या, जीभ मात्र शाबूत होती. वाटेत चार्जिंग स्टेशन होतं. ताईंनी गाडी लावली, प्लग खटकन बसला. तेवढ्यात चार्जरच्या पडद्यावर लाल अक्षरं आली. गाडी ओळखता आली नाही.

ताईंनी प्लग ओढला. हलेना. पुन्हा ओढला. गाडीनं तो आतून घट्ट धरला होता. वाटेत बॅटरी संपेल ही भीती त्यांना होती, पण गाडी अशी जखडून पडेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

त्यांनी स्टेशनच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"मॅडम, तुमच्या कंपनीच्या गाड्या आमच्याकडे चालत नाहीत."

"अहो, पण प्लग बसला ना!"

"प्लग बसतो. गाडीचं आणि मशीनचं बोलणं जुळत नाही."

"मग सोडा की तिला!"

"ते गाडीच्या कंपनीला विचारा."

"बोलणं नाही, पण सोडणंही नाही," मागून काका म्हणाले. "आमच्या घरासारखंच झालं की!"

ताईंना हसू फुटेना. काकांचे पाय सुजून टम्म झाले होते.

शेजारी दुसऱ्या कंपनीची गाडी निवांत चार्ज होत होती. आजवर ताईंनी आपला पेशंट परक्याच्या हवाली केला नव्हता. त्यांनी त्या गाडीच्या काचेवर टकटक केली. आतल्या बाईनं सगळं ऐकलं, चार्जिंग अर्धवट तोडलं, काकांना आधार देऊन आपल्या गाडीत बसवलं आणि ती हॉस्पिटलकडे निघाली.

मग गाडीच्या कंपनीचा फोन लागला. डिकीच्या अस्तरामागे एक दोरी असते म्हणे. ताईंनी ती ओढली, प्लग सुटला. एसी बंद करून, जीव मुठीत धरून त्या पुढच्या स्टेशनपर्यंत पोचल्या. तिथं गाडी मुकाट्यानं चार्ज झाली.

हॉस्पिटलात काकांना केव्हाच मशीन लावलं होतं. ताई शेजारच्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. नर्सनं दिलेलं पाणी त्यांनी एका दमात संपवलं आणि आणखी मागितलं.

"परत जाताना मी पुढे बसतो," काका म्हणाले. "तुझी तब्येत मला काही बरी दिसत नाही."