आपांनी हट्टानं घेतलेलं माप

सनाचा फोन आला तेव्हा उचलल्या उचलल्या मी तिच्यावरच घसरले. माझे दोन ब्लाउज पंधरा दिवसांपासून तिच्या आईच्या दुकानात पडून होते आणि भाचीचं लग्न तोंडावर आलं होतं. ‘अम्मीला म्हणावं, बाईंचा राग पाहिला नाही वाटतं अजून!’ मी म्हणाले. पलीकडून सना एवढंच म्हणाली, ‘बाई, अम्मी गेली.’ दुपारी जेवून उठल्या, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं... याला आता दीड महिना होऊन गेला. त्या बोलण्याची लाज मला अजून वाटते.

नसीमआपांचं, म्हणजे सनाच्या अम्मीचं, लेडीज टेलरचं दुकान नांदेडात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होतं. मी शाळेत गणित शिकवायचे, तेव्हापासून माझे ब्लाउज त्यांच्याच हातचे. टेप लावली की बाई अंग चोरून, श्वास ओढून उभी राहते, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून टेप हातात घेतली की त्या हळूच सासूचा विषय काढायच्या. बाई तावातावानं बोलू लागली की तिचं अंग सैल पडायचं, आणि मग खरं माप मिळायचं. माझ्यापुढे सासूऐवजी हेडमास्तरांचा विषय निघायचा, एवढाच फरक.

कोरोना यायच्या थोडं आधी त्यांच्या उजव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. लातूरला ऑपरेशन करून स्तन काढला, पुढे किमोही झाली. काढलेल्या जागी शरीरातलंच मांस घेऊन नवा स्तन घडवता येतो, ते आपण नंतर करू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेवढ्यात सगळं बंद झालं. दवाखान्यात खाटा नाहीत, ऑक्सिजन पुरत नाही, मग ज्याच्यावाचून जीव अडत नाही अशी ऑपरेशनं पुढे ढकलली गेली. आपांचं त्यातच आलं. मीसुद्धा त्यांना म्हणाले, ‘जीव वाचला ना आपा? मग या वयात कशाला हा हट्ट?’ त्यांचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेही माझ्या मनात असणारच. मशीनवरून मान वर न करता त्या म्हणाल्या, ‘दुखून नाही राहिलं, बाई. एक बाजू हलकी लागून राहिली. तोल माझा जातो, लोकांचा न्हाई जात.’ मला ते पटलं नव्हतं.

निर्बंध जरा सैल झाले तेव्हा लातूरहून बोलावणं आलं. सोबत एकाच माणसाला परवानगी होती आणि सनाचं बाळ तान्हं होतं, म्हणून मी गेले. डॉक्टर तरुण होते, तोंडावर दोन-दोन मास्क. त्यांनी सांगितलं, पाठीचा स्नायू पुढे आणून स्तन घडवू, त्याला वेळ कमी लागतो आणि सध्या लांबलचक ऑपरेशनं करता येत नाहीत. आपांनी विचारलं, ‘कुठला स्नायू, साहेब?’ डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या खांद्याखाली बोट ठेवलं. आपांनी हवेतच कात्री धरली, लांब कापड कापावं तसा हात चालवला आणि म्हणाल्या, ‘कापताना हाच चालतो. हा न्हाई देत. पोटावरचं घ्या, तिथं लई हाय.’

पोटावरचं घ्यायचं तर ऑपरेशन फार लांबणार होतं, आणि तशी परवानगी कधी मिळेल ते डॉक्टरांनाही सांगता येईना. मी टेबलाखालून आपांचा हात दाबला. इतकी वाट पाहिल्यावर हातातोंडाशी आलेलं कोण सोडतं? ‘मग मी थांबते,’ आपा म्हणाल्या. परतीच्या वाटेवर मी त्यांच्यावर चिडले, नको ते बोलले. त्यांनी मला अर्धं संत्रं सोलून दिलं.

त्या थांबल्या. मधे दुसरी लाट आली, गेली. त्यात कंधारच्या त्यांच्या दोन मावसबहिणी गेल्या. दुकान कधी उघडं, कधी बंद. शेवटी एकदाची परवानगी मिळाली. ऑपरेशनआधी डॉक्टर त्यांना उभं करून छातीवर आणि पोटावर पेननं खुणा करत होते. मी पडद्याशी होते. खुणा झाल्यावर आपा म्हणाल्या, ‘साहेब, पुन्हा घ्या. मी अंग चोरलं होतं.’ डॉक्टरांनी स्पिरिटनं सगळ्या खुणा पुसल्या. ‘काहीतरी बोला की,’ ते म्हणाले. आणि जन्मभर दुसऱ्यांना बोलतं करणारी ही बाई एवढीशी होऊन म्हणाली, ‘मला लई भीती वाटून राहिली.’ त्यांचे खांदे खाली आले. डॉक्टरांनी नव्यानं खुणा केल्या... त्या पहिल्या खुणांपेक्षा वेगळ्या होत्या. मी पोरांना आयुष्यभर म्हणत आले, ताळा करून बघा. भीतीनं गळाठलेल्या माणसाला स्वतःचा ताळा करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

परवा सनानं दुकान आवरायला बोलावलं. कपाटात खाकी कागदाचे फर्मे होते, ब्लाउज बेतायचे. ब्लाउजच्या पुढच्या भागाला एरवी एकच फर्मा पुरतो. कापड दुहेरी ठेवून एकदा कापलं की दोन्ही बाजू निघतात. पण एका गठ्ठ्यात प्रत्येक नावाला दोन-दोन फर्मे होते, डावा निराळा, उजवा निराळा. नायगाव, लोहा, कुठकुठल्या गावच्या बायका. एक स्तन काढलेल्या या बायका आपांकडे येत होत्या, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. त्यांच्यात आपांचं स्वतःचंही नाव होतं. त्यांचे दोन फर्मे टाचणीनं एकत्र टाचलेले, आणि दोन्हींवर पेन्सिलनं काट मारलेली. त्यांच्याखाली तिसरा होता, ऑपरेशननंतरचा, वापरून वापरून कडा मऊ झालेला. मी दुसऱ्या बाजूचा शोधायला लागले. गठ्ठा दोनदा चाळला.

तो एकच होता.