हातावर चालणारी घड्याळं

लिंगराजकडं घड्याळं पाच आणि हात दोनच. सगळी गंमत इथूनच सुरू होते, म्हणून आधी हेच सांगून टाकतो.

हा लिंगराज माझा शाळासोबती. कमलनगरला चौथीपर्यंत आम्ही एकाच सतरंजीवर बसलो. पुढं मी वावर धरलं आणि त्यानं बीदरला, कोळारच्या औद्योगिक वसाहतीत डाळमिल काढली. मिल चालली, पोरगा नागेंद्र शिकून बंगळुरात गेला, आणि मग बायको नागम्मा वारली. मिल विकून गडी गावाकडं परत आला, एवढ्या मोठ्या घरात एकटाच. दुपारी त्याच्या घरात दोन रेडिओ एकदम लागलेले असायचे. "कामून रे?" म्हटलं, तर म्हणाला, "एक बोलतंय, दुसरं ऐकतंय."

घड्याळांचा नाद त्याला पुण्यात लागला. डोळ्याच्या ऑपरेशनला गेला होता. तिथं एक कारागीर घराच्या खालच्या खोलीत बसून वर्षाकाठी मोजकीच घड्याळं घडवतो. कंपनी नाही, दुकान नाही. घड्याळाला सेलही नाही, नुसती चाकं आणि स्प्रिंगा. पाठीला काच, त्यातून सगळा संसार फिरताना दिसतो. मला विचाराल तर लिंगराजला घड्याळाआधी तो माणूस आवडला असावा. एकेक चाक चिमट्यात धरून तो सांगत बसायचा आणि त्याला घाई नसायची. एक घेतलं, लगेच दुसरं सांगून ठेवलं. तयार झाल्याचा फोन आला की लिंगराज नवरदेवासारखी दाढी करून पुण्याची गाडी धरायचा.

पण या घड्याळांची एक खोड आहे. आत अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि त्यानंच चावी बसते. पेटीत ठेवलं की दोन दिवसांत मुकं. मग लिंगराजनं काय करावं? घड्याळं गावात वाटली! एक स्वतःच्या हातात. एक बाबूलाल टेलरला, कारण त्याचा हात दिवसभर मशीनवर. एक खानावळवाल्या बसव्वाला. ती घड्याळाच्या हातानंच भाकरी थापायची आणि म्हणायची, "अप्पा, माझ्याकडं ह्याचं पोट लई भरतंय." एक जीपवाल्या बंडेप्पाला, गिअर टाकून टाकून चावी बसायची. पाचवं माझ्याकडं. मी बोलताना हात फार हलवतो, हे सगळ्या गावाला ठाऊक.

चकतीवर कंपनीचं नावच नव्हतं. आमच्याकडं नाव नसलेली वस्तू म्हणजे बाजारातली, स्वस्तातली. त्यामुळं कुणी कधी किंमत विचारली नाही आणि लिंगराजनंही सांगितली नाही.

दर आठवड्याला लिंगराजच्या घरी जमून घड्याळं आपसात बदलायची. आणि आमच्याकडं शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत देत नाहीत, मग घड्याळ कसं द्यायचं? बसव्वा शेंगाची चटणी आणायची, बंडेप्पा पेरू, बाबूलाल उरलेल्या कापडाची पिशवी शिवून. मग चहा व्हायचा, तासभर गप्पा व्हायच्या. त्या दिवशी रेडिओ बंद असायचे.

नागम्माच्या पुण्यतिथीला नागेंद्र आला. पँट आखूड करायला बाबूलालकडं गेला, मीही तिथंच बसलेलो. मशीनवरच्या हातात घड्याळ बघून पोराचा चेहराच उतरला.

"चाचा, ये कहाँ से आया?"

"अप्पानं दिया. नाम भी नै इसपे, सौ-दोनसौ का होगा."

"चाचा, इसमें नया ट्रॅक्टर आता."

पोराच्या मनात पाप नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत लिंगराजच्या दारात माणसं उभी. बाबूलालनं घड्याळ मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून आणलं होतं.

"अप्पा, तुमची जोखीम सांभाळा. माझा हात कापायलाय."

"काल कापत नव्हता का?"

"काल ते घड्याळ होतं, अप्पा. आज ट्रॅक्टर हाय."

सगळे हसले, लिंगराजही हसला. पण बसलं कुणी नाही. बसव्वानं गुळाची ढेप ठेवली, बंडेप्पानं करडीचं तेल, कुणी हरभऱ्याची डाळ. एवढी मोठी वस्तू इतके दिवस वापरली, तर परत देताना तेवढंच जड काही द्यायला नको? माझ्या सुनेनं मलाही अर्धं पोतं शेंगा घेऊन पाठवलं. घर भरलं आणि मोकळं झालं.

नागेंद्रनं परत जाऊन एक पेटी पाठवली. वीज लावली की आतली घड्याळं आपोआप गरागरा फिरतात, हात लागत नाही. बापावर जीव आहे त्याचा.

महिनाभर मी गेलो नाही. काय निमित्त काढायचं? शेवटी एका सकाळी गेलोच. लिंगराज पेटीपुढं खुर्ची टाकून बसला होता. घड्याळं फिरत होती. त्याच्या स्वतःच्या मनगटावरचंही पेटीत होतं. गुळाला मुंग्या लागल्या होत्या.

"बघ श्रीपत," तो म्हणाला, "ह्यास्नी आता कुणाची गरज न्हाई."

"माझं दे," मी म्हणालो.

"भ्या वाटत न्हाई?"

"वाटतंय की! जीव वरखाली व्हायलाय. म्हणून तर म्हणतो, घड्याळ मी घालतो, पण एकला फिरणार न्हाई. राखणीला तू संगट यायचं."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. मग उठला, पेटी उघडली, आणि पट्टा माझ्या हाताला स्वतः बांधला. जरा करकचूनच.

आता रोज स्टँडपर्यंत जातो आम्ही, तो माझ्या डाव्या अंगानं, घड्याळाच्या बाजूला. बसव्वा चहा देते, पण कप दुरूनच सरकवते. बंडेप्पा जीपमधून हात करतो, थांबत नाही. बाबूलाल नजर चुकवतो. लिंगराज प्रत्येकाला हाक मारतो. बाकीची चार घड्याळं घरी त्या पेटीत फिरत असतात.