आक्काचं नाव

वडील गेल्यावर गावच्या जमिनीला वारस लावायचे होते. जमीन म्हणजे कोकणात डोंगराच्या उतारावरची दोन भातखाचरं, पण नोंद तर करायलाच हवी. तलाठ्याने वंशावळ मागितली, आजोबांपासून खाली सगळ्यांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. भाईंदर स्टेशनजवळच्या टायपिस्टकडून मी ते टाइप करून घेतलं आणि आत्याच्या सहीसाठी तिच्या घरी गेले.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. ऐंशीला आलेली. भाईंदर पूर्वेला मुलाकडे राहते, मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमधल्या माझ्या घरापासून रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटं. ती मोठेपणी प्रौढांच्या वर्गात जाऊन वाचायला शिकली, त्यामुळे कुठलाही कागद ओळीखाली बोट धरून वाचल्याशिवाय सही करत नाही. तिने चष्मा लावला, बोट फिरवलं आणि मध्येच थांबली.

"हे चुकलंय."

"काय चुकलं?"

"मुलगा एक, मुलगी एक लिहिलंय. आम्ही तिघं होतो. आक्का कुठाय?"

मला वाटलं, वयामुळे काहीतरी घोटाळा होतोय. मी बावन्न वर्षांची. इतक्या वर्षांत आमच्या घरात आक्का हा शब्द मी ऐकला नव्हता. वडिलांच्या तोंडून तर कधीच नाही.

"कोण आक्का?"

"माझी मोठी बहीण. दादाहून तीन वर्षांनी मोठी." आत्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला तिच्या कडेवर बसलेलं आठवतंय गं. तिच्या मानेला घामाचा आणि धुराचा वास यायचा."

त्या दुपारी तिने जे सांगितलं ते एवढंच. आक्काचं पंधराव्या वर्षी लग्न झालं. नवरा विधुर, मुंबईच्या गिरणीत कामाला. वर्षभराने ती एकदा माहेरी आली, परत जायला तयार नव्हती. आजोबांनी समजूत घालून पाठवली. नंतर तिचं एक पत्र आलं, चाळीतल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. घरात वाचता येणारे एकटे माझे वडील, वय तेरा.

"दादाने मोठ्याने वाचलं," आत्या म्हणाली. "मला न्यायला या, असं होतं. बाबा म्हणाले, लिही, भात झोडून झालं की येतो. दादानेच लिहिलं ते. भात झोडून झालं, मग बाबा गेले. खोलीत दुसरीच माणसं. शेजारी म्हणाले, नवऱ्याचं काम सुटलं, भाईंदरला मिठागरावर गेलेत."

"मग आजोबा भाईंदरला आले नाहीत?"

"भाईंदर कुठंशी आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ते तिथनंच माघारी आले. आल्यावर आईशी काही बोलले नाहीत. मग कुणीच बोललं नाही."

मी आत्याला आक्काचं खरं नाव विचारलं.

"आम्ही आक्काच म्हणायचो. आईसुद्धा आक्काच म्हणायची. लग्नात नाव बदललं असणार." तिने माझ्याकडे पाहिलं. "मला नाही गं आठवत."

मी सही न घेताच परत आले आणि फोन करायला लागले. गावच्या चुलतकाकांना विचारलं. वडिलांच्या पिढीतले गावात तेवढेच उरलेत. ते म्हणाले, "ती मुंबईत बाळंतपणात गेली असं ऐकलं होतं." मागून काकूंचा आवाज आला, "नाही हो, तिनं दुसरं घर केलं." कुणाकडून ऐकलं, ते दोघांनाही सांगता येईना. सासरचं गाव? काका म्हणाले खेडकडचं. काकू म्हणाल्या, चिपळूणच्या पलीकडचं. लग्नाला दोघंही नव्हते.

तरी काकांनी एक काम केलं. तहसील कचेरीत चार खेपा घालून जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीतल्या पानाचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला. मोडकी पानं, शाई पसरलेली. आजोबांच्या नावापुढे तीन नोंदी होत्या, काही वर्षांच्या अंतराने. मुलगी. मुलगा. मुलगी. बाळाच्या नावाचा रकाना तिन्ही ठिकाणी रिकामा, कारण नोंद व्हायची जन्मल्या जन्मल्या, बारसं व्हायच्या आधी.

मी फोटो आत्याला दाखवला. तिने पहिल्या 'मुलगी'वर बोट ठेवलं, तसा फोनवर फोटो मोठा होऊन सरकला आणि ती घाबरली, आपण काहीतरी पुसून टाकलं असं वाटून. मी फोटो परत जागेवर आणला. "ही ती," ती म्हणाली. "बघ, मी सांगत होते ना, होती." तिचा चेहरा इतका उजळला की मला भीतीच वाटली.

तिथून पुढे ती रोज सकाळी नऊला फोन करू लागली. "काही कळलं का?"

एका रविवारी मी तिला रिक्षात घालून जुन्या मिठागरांच्या बाजूला घेऊन गेले. काही ठिकाणी अजून पाणी साचलेली आगरं आहेत, बाकी सगळीकडे टॉवर. तिथल्या जुन्या गावात पडवीत बसलेले एक म्हातारे भेटले, तरुणपणी मिठागरावर राबलेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"लय मानसा यायची गो बाय," ते म्हणाले. "कोकनातली, घाटावरची. चार महिने राबायची नि जायची. कोन कुठला, कुनालाच ठावं न्हाय."

"कागद काही? हजेरीची वही?"

"वही शेठकडं असायची. शेठ गेला, वही पन गेली."

आत्या रिक्षातून उतरली नव्हती. परतताना म्हणाली, "दादाने मीरा रोडला घर का घेतलं, तुला माहितीय?"

मला माहीत होतं ते इतकंच की इथे परवडत होतं. आम्ही मुंबईतल्या दोन खोल्या विकून आलो तेव्हा तेच कारण सगळ्यांना सांगितलं होतं. पण रविवारी सकाळी वडील एकटेच खाडीच्या बाजूला जायचे, दोन-तीन तासांनी यायचे. आम्ही समजायचो, डायबेटिससाठी चालतात. आता कुणाला विचारू?

टायपिस्टला मी विचारलं, आणखी एक नाव घालायचं असेल तर. तो हिंदीतच बोलतो. म्हणाला, "नाम बताइए." मयत लिहायचं तर मृत्यूचा दाखला लागेल. बेपत्ता लिहायचं तर पोलिसात तक्रार, वर्तमानपत्रात नोटीस, कोर्ट. आणि हे सगळं कुणाच्या नावाने? त्याने समजावणीच्या सुरात सांगितलं, "छोड़ दीजिए मॅडम."

मी सोडून दिलं. आत्याच्या मुलाने तिची सही घेतली. त्याने तिला काय सांगितलं, मी विचारलं नाही. सातबाऱ्यावर नोंद झाली. आजोबांच्या खाली दोन शाखा, आत्या आणि आम्ही.

नंतर त्याचाच फोन आला. चिडलेला होता, पण आवाज दाबून बोलत होता.

"ताई, हे तू कशाला उकरून काढलंस? आई धड जेवत नाही. बेल वाजली की दाराकडे बघते. काल शेजारची म्हातारी आली तर तिला म्हणते, तुमचं माहेर कुठलं?"

"मी काय करू?"

"ती गेली असं सांग. कागद मिळाला म्हणून सांग. निदान विषय तरी संपेल."

त्यात काही चूक नव्हती. आक्का असलीच तर आज पंच्याऐंशीच्या पुढे. आत्याकडे रिक्षातून जाताना मी वाक्य ठरवलं होतं. कुठल्या साली, कुठल्या दवाखान्यात, दुखणं कुठलं, सगळं. आत्याने चहा केला. माझ्याजवळ बसली. काही विचारलं नाही, नुसती बघत राहिली. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "अजून काही नाही कळलं, आत्या."

"बरं," ती म्हणाली. माझ्या गुडघ्यावर तिने हात ठेवला. "घाई नको करू. तू बघतेयस ना, मग झालं."

मी मान हलवली. खरं तर विचारायला कुणी उरलेलं नाही आणि बघायला कुठला कागद नाही. काकांना गेल्या महिन्यात अर्धांगाचा झटका आला, त्यांना बोलता येत नाही. मी दोन महिन्यांत एकही फोन केलेला नाही. चहा निवत होता. आत्या म्हणाली, साखर कमी झाली असेल, मी म्हटलं, नाही, बरोबर आहे, आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.