रविवारचे खेळ विकताना

खेळ विकत घ्यायला तयार झालेल्या बाईंनी फोनवर एकच अट घातली. "ताई, प्रत्येक पेटीतले तुकडे मोजून द्या. पाहुणे खेळायला बसले आणि ऐन वेळी एक सोंगटी कमी निघाली, की ते माझ्याच तोंडाकडे बघत बसतात." पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाट सुरू होतो त्या बाजूला त्यांनी पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या होत्या. पावसात तिथे मोबाईलची रेंज जाते आणि घाट बंद झाला तर माणसं दोन-दोन दिवस अडकून पडतात. अशांना गुंतवून ठेवायला त्यांना आमचे खेळ हवे होते.

फोन ठेवल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, तर ते म्हणाले, "मोजत कसली बसतेस? आहेत तशा पेट्या देऊन टाक. दोन पैसे कमी घेऊ."

ते एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतात. चहात साखर घालतानाही चमचा सपाट करून घालणारा हा माणूस न मोजता देऊन टाक म्हणतो, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मला वाटलं, माळ्यावर चढायचा कंटाळा असेल.

एकूण एकतीस पेट्या होत्या. पहिली त्यांनीच आणली, पुण्याला प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा. रेल्वेचे रूळ टाकून गावं जोडायची, असा तो खेळ. मुलगी नुकतीच शिकायला बाहेर गेली होती, घर सुनं झालं होतं, आणि टीव्हीवर काय बघायचं यावर आमचं दोघांचं कधीच पटलं नाही. एका रविवारी जेवणं झाल्यावर पट मांडला तो दिवेलागणीपर्यंत. मग वेडच लागलं. कुणी मुंबईला जाणार असलं की आम्ही खेळांच्या नावांची चिठ्ठी द्यायचो. मेंढ्या पाळायचा खेळ आला, बेटांवर वस्ती करायचा आला, मसाल्याच्या व्यापाराचा आला. मी पोलादपूरच्या एका शाळेत मराठी शिकवते. तिथल्या बायका हसायच्या, "या वयात सोंगट्या?"

तिसरे गडी शेजारचे काका. पोस्टातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. हरले की चहा न घेता उठून जायचे आणि पुढच्या रविवारी आम्ही हात धुवायच्या आत हजर. गुण लिहायला पेटीत एक छोटी वही असते. तिच्यात आम्ही नावं लिहीत नसू. नवऱ्याच्या रकान्यावर 'कारखाना', काकांच्या 'पोस्ट', माझ्या 'शाळा'. वर तारीख. तारीख टाकल्याशिवाय नवऱ्याला पेन खाली ठेवता येत नाही.

मग आई पडली. वरंधच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, तिथे ती दोन म्हशी घेऊन एकटी राहत होती. गोठ्यात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा धड उभी राहिली नाही. महाडला आमच्याकडे चल म्हटलं तर म्हणाली, "म्हशींना टाकून मी नाय यायची. काय व्हायचं ते हितंच होऊ दे." मी बिनपगारी रजा घेतली आणि वाडीत जाऊन राहिले. सव्वा वर्ष राहिले.

आम्ही दोघी बहिणी. धाकटी महाडातच बँकेत आहे. ठरलं असं, की आठवडाभर मी बघायचं आणि रविवारी तिने यायचं, म्हणजे मला घरी एक चक्कर मारता येईल. पहिले तीन-चार रविवार ती आली. मग नुसते फोन येऊ लागले. बँकेत तपासणी आहे. मुलाची परीक्षा आहे. अंग मोडून आलंय. गाडीच मिळाली नाही. मी म्हणायचे, "राहू दे गं, मी आहे इथे." नोकरी, घर, सासूसासरे, तिलाही थोडं का होतं!

आई मात्र रविवार विसरत नसे. सकाळीच मला केस विंचरायला लावायची. खाट दाराकडे तोंड करून फिरवायला सांगायची.

"आज धाकली येल ना गो?"

"तिला काम हाय, आई."

"रविवारचं कसलं काम?"

"बँकेचं."

थोड्या वेळाने पुन्हा, "यष्टी आली का बघ." म्हैस व्यायली तेव्हा तिने धाकटीसाठी खरवस काढून ठेवायला लावला. तिसऱ्या दिवशी मी तो शेजारी वाटून टाकला आणि आईला सांगितलं, धाकटीला पोचवला.

नवरा महिन्यातून एकदोनदा शनिवारी यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. एकदा मी विचारलं, "रविवारी काय करता मग? काकांबरोबर खेळता की नाही?"

"छे. पेट्या माळ्यावरून खालीच काढल्या नाहीत," ते म्हणाले. "तुझ्याशिवाय कसला खेळ?"

हे वाक्य मी किती दिवस पुरवून पुरवून वापरलं ते माझं मला माहीत. आईचं अंथरूण बदलताना, गोठ्यातलं शेण काढताना ते आठवायचं. कुणीतरी आपली जागा रिकामी ठेवून बसलंय असं वाटायचं, आणि हाताला जरा जोर यायचा.

आई गेली. दिवस वगैरे करून मी महाडला परत आले. त्याच सुमारास काका मुलाकडे पनवेलला राहायला गेले, आम्हीच त्यांना रिक्षाने वीर स्टेशनवर सोडलं. खेळायची इच्छा मला उरली नव्हती आणि नवऱ्यानेही कधी विषय काढला नाही. सावित्रीचं पाणी एकदा घरात शिरलं तेव्हापासून जपायच्या वस्तू आम्ही माळ्यावरच ठेवतो. पेट्या तिथे दोन वर्षं धूळ खात पडल्या. शेवटी काढून टाकायचं ठरलं.

त्या शनिवारी ते कामावर गेल्यावर मी एकेक पेटी खाली घेतली आणि बाहेरच्या खोलीत चादर अंथरून मोजायला बसले. आठ-नऊ पेट्या झाल्यावर रेल्वेची उघडली. गाड्या मोजल्या, पत्ते मोजले. गुणांच्या वहीतली वापरलेली पानं फाडून कोरीच वही द्यावी म्हणून वही हातात घेतली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तीन रकाने होते. कारखाना. पोस्ट. बँक.

आधी मला काहीच कळलं नाही. वाटलं, खेळातली बँक असेल. पण त्या खेळात बँक नसतेच. मग त्या रकान्यातल्या बेरजेखाली मारलेल्या दोन रेघा दिसल्या, आणि प्रत्येक आकड्याशेजारी बरोबरची बारीक खूण. धाकटीची ही सवय आहे. किराण्याच्या यादीवरसुद्धा ती अशाच खुणा करते. वर नवऱ्याच्या अक्षरात तारीख.

मग मी तुकडे मोजायचं सोडलं आणि नुसत्या वह्या काढल्या. सात पेट्यांत ती पानं निघाली. वाडीत असताना आईच्या औषधांची एक डायरी मी ठेवली होती, ती कपाटातून आणली आणि तारखा जुळवत बसले. मुलाच्या परीक्षेचा रविवार. तपासणीचा रविवार. आईला ताप चढला आणि डॉक्टरांनी घरी येऊन सलाईन लावलं तो रविवार. आई ग्लानीत धाकटीला हाका मारत होती, आणि त्याच दुपारी माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून धाकटीने मेंढ्या पाळल्या होत्या. जिंकलीही तीच होती.

नवरा संध्याकाळी आले. चादरीवर ओळीने मांडलेल्या वह्या बघितल्या आणि चपला काढायचं विसरून तसेच उभे राहिले.

"किती रविवार?" मी विचारलं.

"अगं, ती एकदा सहज आली होती..."

"बावीस पानं आहेत."

ते खुर्चीवर बसले. "तिला फार ताण आला होता. वाडीला जाऊन आली की आठवडाभर सावरायची नाही. म्हणाली, भाऊजी, ताईला सांगू नका, तिला वाईट वाटेल. आणि काका होतेच की समोर. तसं काही..."

"तसं काही मी म्हणतच नाहीये." खरंच तसा संशय माझ्या मनाला शिवला नव्हता. तसं असतं तर निदान भांडायला शब्द तरी सापडले असते. "मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, पेट्या खालीच काढल्या नाहीत."

"तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं."

"वाटलं होतं बरं," मी म्हटलं. "खूप बरं वाटलं होतं."

मी तिथेच बसून काकांना फोन लावला. ते आधी माझा आवाज ऐकून खूश झाले. मी विषय काढल्यावर चपापले. "मास्तरीणबाई, तुम्हाला ठाऊक नव्हतं? मला तर सांगितलेलं, रविवारपुरती आईजवळ एक बाई ठेवलीय, म्हणून धाकटीला मोकळीक असते."

"कुणी सांगितलं?"

"आता जाऊ द्या ना ते."

मी नवऱ्याकडे बघितलं. ते चपलांचे पट्टे सोडवत होते.

दुसऱ्या दिवशी धाकटीकडे गेले. ती स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. मला बघून दचकली नाही, म्हणजे नवऱ्याने तिला आधीच फोन केला होता. मला समजल्यावरसुद्धा यांचं दोघांचं आपसात बोलणं झालं होतं. पायऱ्या चढताना जे काही बोलायचं ठरवलं होतं ते त्या क्षणी सगळं गेलं.

तीच बोलली. "ताई, मी दारात पाऊल टाकलं की आई पहिलं विचारायची, परत कधी जाणार? बसायच्या आधी. मग दिवसभर तेच. किती वाजले, गाडी कितीला हाय. तू तिथेच असायचीस, तुला नाही ती तसं विचारायची. मला वाटायचं, मी नुसती निघायलाच आलेय. मला नव्हतं सहन होत. तुझ्या घरी दोन-तीन तास मला कुणी काही विचारत नव्हतं."

"मग मला तसं सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू मला ओढून नेलं असतंस."

"हो. नेलं असतं."

"मग?"

जे इतके दिवस तिला वाईट वाटेल म्हणून पोटात ठेवलं होतं ते तोंडून गेलं. "दर रविवारी ती केस विंचरून घ्यायची. खाट दाराकडे फिरवायला लावायची. तू पाठवायचीस ती कारणं मी तिला तिच्या भाषेत सांगायचे. तुझं खोटं मी माझ्या तोंडाने सांगितलंय तिला, सव्वा वर्ष."

तिच्या हातातला लसूण ताटात पडला. ती रडायला लागली. लहानपणापासून ती रडली की मी उठून जवळ जाते. त्या दिवशी नाही गेले. तिचा मुलगा आतून डोकावला, तेव्हा मी पर्स उचलली आणि निघाले.

पेट्या न्यायला त्या बाई गुरुवारी आल्या, भावाची जीप घेऊन. माझी मोजणी पुरी झाली होती. मेंढ्यांच्या खेळातली एक मेंढी खरंच कमी निघाली, ते मी आधीच सांगितलं. "एवढं चालेल हो," म्हणून त्या हसल्या. वह्यांतली सगळी पानं मी फाडून ठेवली होती. ती कुठे गेली विचाराल तर मला माहीत नाही. जेवणाच्या टेबलावर चार दिवस पडून होती, पाचव्या दिवशी नव्हती. मी विचारलं नाही, नवऱ्याने सांगितलं नाही.

घरात आम्ही बोलतो. डबा, गॅस, मुलीचा फोन, सगळं चालू असतं. ते काही सांगायला लागले की, हे पुन्हा कुणाला विचारून बघावं का, असं मात्र माझ्या मनात येतं. पूर्वी येत नव्हतं.

यंदा पावसाच्या आधी वाडीतल्या घराची कौलं शाकारून घ्यायची होती. नवरा म्हणाले, मी कारखान्यातल्या मित्राची गाडी मागून आणतो. वरंधच्या अलीकडे जिथून वाडीचा रस्ता वर चढतो, तिथे त्यांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, टायर बसला.

"इथपर्यंत आलो होतो आम्ही एकदा," ते म्हणाले.

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि ती. एका रविवारी मीच म्हटलं, आज खेळ राहू दे, आईला बघून येऊ. हीच गाडी मागून आणली होती. इथे आलो आणि ती रडायला लागली. म्हणाली, गाडी वळवा."

वाडी तिथून दहा मिनिटांवर आहे. गाडी वळणावर आली की आमच्या ओटीवर आवाज येतो. मी त्या रविवारी कदाचित तो ऐकलाही असेल.

"मग तिला इथे बसवून तुम्ही एकटे का नाही वर आलात?"

ते स्टीअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसू लागले.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"घरी गेलो," ते म्हणाले. "काका वाट बघत होते. पट मांडला."

त्यांनी हे सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. त्यासाठी त्यांचे उपकार मानावेत का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वर कौलं शाकारणारी माणसं खोळंबली होती. मी नवऱ्याला गाडी सुरू करायला सांगितलं.