उलटी तार

आमच्या मेहुण्यांना मी मनातल्या मनात कानसेन म्हणतो. माणूस विमा कचेरीत फायली हलवतो, पण घरात मोठे स्पीकर आले आणि ह्यांना शिंगं फुटली. बाजारातली केबल म्हणजे कचरा, असं ठरवून त्यांनी जाड तांब्याच्या तारा आणल्या आणि स्वतःच केबली करायला बसले.

मी तीस वर्षं वायरमन आहे. मला विचारलं? छे. उलट मलाच शिकवलं, की रंगामुळे आवाज मळतो. म्हणून लाल तारेवर आणि काळ्या तारेवर, अगदी टोकापर्यंत, एकसारखी काळी नळी चढवली. मग त्यांची वेणी घातली. दिसायला झकास. आत कुठली तार कुठली, ते देव जाणे.

जोडणी झाल्यावर डोळे मिटून म्हणाले, "आवाज कसा मोकळा झालाय. भिंतीच नाहीशा झाल्या."

त्याच आठवड्यात माझ्या बहिणीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, ह्याच स्पीकरवर स्वतःच्या गाण्याचं रेकॉर्डिंग लावलं. पन्नाशीत क्लास लावून ती पहिल्यांदाच स्टेजवर एकटी गाणार होती. कानसेनांनी निकाल दिला, "पोकळ आहे. गळ्यात दमच नाही. उगाच हसं करून घेऊ नकोस." मी बिस्किट खात होतो. मलाही पोकळच वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने क्लास सोडला.

परवा त्यांच्याकडे पंखा दुरुस्त करायला गेलो. शिडीसाठी स्पीकर सरकवला आणि सहज केबलीला मीटर लावला. एका बाजूच्या तारा उलट्या. एक स्पीकर हवा पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा, आणि मधल्या मधे गाणाऱ्याचा गळा खाऊन टाकायचे. एवढं ह्या दिव्य कानांना आठ महिने कळलं नाही. तारा सुलट जोडल्या, बहिणीचंच गाणं लावलं. भरदार, गोल आवाज आला. ती हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"बघितलंत?" कानसेन म्हणाले. "केबल मुरायला वेळ लागतोच."

"तार उलटी होती," मी बहिणीला म्हणालो. "तुझ्या गळ्यात काही खोट नव्हती."

तिने गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि बंद केलं.

"मी त्या दिवशी इथेच तर बसले होते, दादा," ती म्हणाली. "गाऊन दाखव, असं म्हणालात का दोघांपैकी कुणी?"