क्रौंचाचं पिल्लू आणि माझ्या दशम्या

लेकीने पहिल्याच संध्याकाळी बजावलेलं, "आई, इथे कुत्र्यांना काही घालायचं नाही. एक तुकडासुद्धा नाही." मी हो म्हटलं. कुणी नको म्हटलं की मला नेमकं तेच करावंसं वाटतं, हा माझा जुना रोग. पण तेव्हा मी मनापासून हो म्हटलेलं.

माझी मुलगी लडाखमध्ये काळ्या मानेच्या क्रौंचांवर काम करते. वाढली डोंबिवलीत. शाळेने एकदा ठाण्याच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला नेलं आणि तिथून हिला जे वेड लागलं, ते थेट चौदा हजार फुटांवर घेऊन गेलं. तीन वर्षं ती एकाच जोडीवर लक्ष ठेवून होती. हे पक्षी उंचीला माझ्या छातीपर्यंत येतील, अंग राखी, मान काळीभोर. उन्हाळ्यात पाणथळीत घरटं करतात, एखाद-दुसरं अंडं घालतात, आणि पिल्लाला उडता येईपर्यंत थंडी तोंडावर येते. आधीची दोन्ही वर्षं या जोडीची अंडी कुत्र्यांनी खाल्लेली. या वर्षी मात्र एक पिल्लू निघालं. "आई, या वर्षी ये, दाखवते तुला," असं ती फोनवर म्हणाली, तेव्हा तिचा आवाज बारशाचं आमंत्रण द्यावं तसा होता.

आम्ही त्या जोडीच्या पाणथळीजवळच, वरच्या अंगाला एका घरी उतरलेलो. घरमालकीणबाईंनी मला चूल वापरू दिली. मी डोंबिवलीहून कणीक आणि कसुरी मेथी नेलेली, रोज सकाळी दशम्या करायचे. दोन-तीन उरायच्याच. अन्न टाकायचं नाही हे हाडीमाशी मुरलेलं. आमच्या गल्लीत रात्रीची शिळी पोळी खाली कुत्र्यांना घालून यायची, की मगच ओटा पुसायचा. आणि इथे दाराशी एक कुत्री यायची, बरगड्या दिसणारी, आचळं लोंबलेली. पिल्लं होती बिचारीला कुठेतरी. मला बघवेना.

लेकीला दिसलं असतं तर ती चिडली असती, म्हणून मी दशम्या पदराआड घेऊन घरापासून लांब जायचे. घराच्या मागे, उताराखाली, पाणथळीच्या काठाशी. तिथे कुणी बघत नव्हतं. चौथ्या दिवशी कुत्रीबरोबर आणखी दोन कुत्रे आले. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाचव्या सकाळी लेक दुर्बीण लावून बसली ती दुर्बीण खाली ठेवेचना. दोन्ही क्रौंच घरट्याभोवती फेऱ्या मारत होते आणि ओरडत होते. तो आवाज मैलभर जातो म्हणे. मला तो अजून ऐकू येतो.

ती काठाकाठाने खाली गेली. मी मागून. ओल्या मातीत कुत्र्यांचे पाय उमटलेले, पिल्लाची थोडी तपकिरी लव पडलेली, आणि जवळच दशमीचा तुकडा. हिरवी मेथी स्पष्ट दिसत होती. तिने तो उचलला, बघितला आणि जॅकेटच्या खिशात टाकला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हणाले, "अगं, मला वाटलं..." तर ती शांतपणे म्हणाली, "चल आई, वारा सुटलाय." गावातल्या ज्या म्हाताऱ्या आजोबांनी उन्हाळाभर घरट्याची राखण केलेली, ते संध्याकाळी विचारायला आले, कुत्री एवढ्या खाली आली कशी. माझ्यादेखत तिने सांगितलं, "माहीत नाही." ती माझ्याशी एकदा भांडली असती तरी चाललं असतं.

हिवाळ्यात ती घरी आली, तेव्हा ठाण्यात एका सभागृहात तिचं भाषण ठेवलेलं. मी आमच्या मजल्यावरच्या शेजारणीला घेऊन गेले, तिसऱ्या रांगेत बसलो. लेक छान बोलली. पडद्यावर पिल्लाचा फोटो आला, आईच्या पायांत उभं असलेलं, आणि सगळं सभागृह हळहळलं. कुणीतरी विचारलं, मग याचं पुढे काय झालं?

"एका पर्यटक बाईंनी काठावर कुत्र्यांना खायला घातलं," ती म्हणाली. "कुत्री रोज यायला लागली. एका सकाळी पिल्लू गेलं."

"काय माणसं असतात बाई," शेजारीण माझ्या कानाशी म्हणाली. "एवढं शिकून-सवरून अक्कल नाही."

उठून सांगावं असं वाटलं. खुर्चीच्या कडेला सरकलेसुद्धा. समोर लेक उभी होती, आणि भाषण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच ती थेट माझ्याकडे बघत होती, वाट बघितल्यासारखी.

मी शेजारणीकडे वळले आणि म्हणाले, "नाहीतर काय."